मेसाचा हिवाळा आणि चाकांवरचे घर

पावसाळा सरला की देशावरचे धनगर मेंढरे घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या कापणी झालेल्या शेतांत मुक्काम करतात आणि मृगाच्या आधी परत घाट चढतात. रत्नागिरी-रायगडच्या वाचकांनी हे लहानपणापासून पाहिले असेल. अमेरिकेतही दर वर्षी असेच एक स्थलांतर होते. ऑक्टोबर संपत आला की मिनेसोटा, आयोवा, इलिनॉय अशा थंड राज्यांतून आणि थेट कॅनडातून म्हातारी जोडपी चाकांवरची घरे घेऊन दक्षिणेकडे निघतात. अ‍ॅरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा इकडे चार-पाच महिने काढतात आणि एप्रिलमध्ये माघारी जातात. त्यांना तिकडे गमतीने ‘स्नोबर्ड’ म्हणतात, म्हणजे बर्फाला कंटाळून उडालेली पाखरे.

आम्ही दोघे मूळचे खेड तालुक्यातले. शिकागोच्या एका उपनगरात आमची नोकरी आणि संसार मिळून तीस वर्षांहून जास्त काळ गेला. निवृत्तीनंतर एकाचे गुडघे आणि दुसऱ्याचा दमा यांनी शिकागोचा जानेवारी अशक्य करून टाकला. आता तीन हिवाळे आम्ही अ‍ॅरिझोनातील मेसा या शहरात काढले आहेत. गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘घर विकून गाडीत राहायला लागलात की काय?’’ ज्यांची मुले अमेरिकेत आहेत ते मात्र वेगळे विचारतात. अशी जागा मिळते कशी, निवडायची कशी, आणि वयस्कर माणसांना ती झेपते का? दर वेळी फोनवर सांगून सांगून थकलो, म्हणून एकदाच लिहून काढत आहोत.

आधी हे घर म्हणजे काय ते सांगतो. ‘आरव्ही’ या नावाखाली बऱ्याच गोष्टी येतात. स्वतःचे इंजिन असलेली मोटरहोम, जी दिसायला आपल्या एसटीसारखी असते. पिकअप गाडीमागे ओढायचा ट्रेलर. आणि पिकअपच्या हौद्यात अडकवायचा मोठा ट्रेलर, त्याला फिफ्थ व्हील म्हणतात. आमचा साधा २८ फुटी ट्रेलर आहे. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम, आणि दोन माणसांनी एकाच वेळी वळायचे ठरवले तर भांडण होईल एवढी जागा. शिवाय ‘पार्क मॉडेल’ म्हणून एक प्रकार असतो. ४०० चौरस फुटांपर्यंतचे छोटे घर पार्कातच कायमचे उभे असते आणि हंगामासाठी भाड्याने मिळते. ज्यांना ट्रेलर ओढायचा नाही त्यांनी सरळ तेच घ्यावे. आमच्या वयाच्या चार जणांना आम्ही हेच सांगितले आणि तिघांनी ऐकले.

आरव्ही पार्क म्हणजे या घरांची वसाहत. रांगेने आखलेल्या जागा, आणि प्रत्येक जागेवर एक वीजपेटी, एक पाण्याचा नळ व एक सांडपाण्याचे तोंड. या तिन्ही सोयी असल्या की ‘फुल हुकअप’. महिन्यांच्या मुक्कामाला तिन्ही हव्यातच. नाहीतर दर आठवड्याला मैल्याची टाकी रिकामी करायला ट्रेलर हलवावा लागतो, आणि तो उद्योग सत्तरीत कोणी करू नये.

मेसा हे फीनिक्सला लागून असले तरी स्वतःच पाच लाख वस्तीचे शहर आहे. पूर्वेला अपाचे जंक्शन, त्यामागे सुपरस्टिशन डोंगर. संध्याकाळी हा डोंगर तांबूस होतो तेव्हा सह्याद्रीची आठवण येते. फक्त झाडे नसलेला सह्याद्री. जानेवारीत दुपारी १९-२० अंश, रात्री ७ अंशांच्या आसपास. एक स्वेटर पुरतो. शिकागोहून इथवर सुमारे २८०० किलोमीटर पडतात. शेवटचा टप्पा फार सुंदर आहे. फ्लॅगस्टाफ गाव ७००० फुटांवर, पाईनच्या जंगलात. तिथून रस्ता फीनिक्सकडे उतरत जातो आणि दोन-अडीच तासांत पाईन संपून दोन्ही बाजूंना हात वर केलेले सग्वारो निवडुंग सुरू होतात. मात्र फ्लॅगस्टाफला बर्फ लवकर पडतो, म्हणून आम्ही ऑक्टोबर संपण्याआधी उतरतो आणि एप्रिलच्या मध्यापूर्वी चढत नाही.

आता निवड. पहिला फाटा शहर की वाळवंट हाच. वाळवंटाची बाजू सांगितल्याशिवाय शहराची बाजू कळणार नाही, म्हणून थोडे क्वार्ट्झसाइटविषयी.

मेसाहून पश्चिमेला कॅलिफोर्नियाच्या वाटेवर अडीच तासांवर हे छोटे गाव आहे. उन्हाळ्यात तिथे काही हजार माणसे. जानेवारीत गावाभोवतीचे वाळवंट आरव्हींनी पांढरे होते. ही केंद्र सरकारची जमीन आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांचा परवाना गेली अनेक वर्षे १८० डॉलरना मिळतो आहे. महिन्याचे नव्हे, पूर्ण हंगामाचे. पण त्या पैशात जमीन मिळते, जागेवर वीज-पाणी नाही. छतावर सौर तावदाने, पाणी टाकीत भरून आणायचे, सांडपाणी ठरलेल्या ठिकाणी नेऊन ओतायचे. तिथे राहणारे लोक आनंदात असतात. रात्रीचे आकाश पाहिले की त्यांचा हेवा वाटतो. पण त्यांचे गुडघे आमच्यासारखे नाहीत.

क्वार्ट्झसाइटला आम्ही गेलो ते एका कबरीसाठी. गावच्या दफनभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि टोकावर तांब्याचा उंट. खाली ‘हाय जॉली’ म्हणजे हाजी अली चिरविश्रांती घेत आहे. १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट मागवले, त्यांच्याबरोबर उस्मानी मुलखातून जे उंटवाले आले त्यांपैकी हा एक. जन्माने वेगळ्या नावाचा; मुसलमान झाला, हज करून आला आणि हाजी अली म्हणवू लागला. अमेरिकन जिभेने त्याचे हाय जॉली केले. १८५७ मध्ये उंटांचा तांडा घेऊन जी गाडीवाट आखली गेली, तिच्याच जवळून पुढे रूट ६६ आणि आजचा आय-४० हा महामार्ग गेला. आम्ही दर ऑक्टोबरला ट्रेलर ओढत येतो तो हाच रस्ता. उंटांचा प्रयोग सरकारने सोडून दिला, हाजी अली मात्र इथेच राहिला आणि १९०२ मध्ये वारला. १९३५ मध्ये राज्याने हे स्मारक उभारले. आम्ही फातिहा पढलो. बाजूला एक कॅनेडियन जोडपे फोटो काढत होते, तेही टोपी काढून उभे राहिले.

तर वाळवंट स्वस्त आणि सुंदर, पण इस्पितळ दूर, मशीद दूर, हलाल मटण दूर. आम्ही कागदावर तीन ठिकाणे लिहिली होती: हृदयविकाराची सोय असलेले इस्पितळ, मशीद, आणि धान्य-मटणाचे दुकान. तिन्ही वीस मिनिटांच्या आत पाहिजेत, आणि गाडी चालवणारा आजारी पडला तर दुसऱ्याला रात्रीही चालवता येईल अशा रस्त्याने. पोहण्याचा तलाव, नाचाचा हॉल, गोल्फ यांची रंगीत पत्रके प्रत्येक पार्क पाठवतो. ती पाहायला हरकत नाही. पण दुपारी चार वाजता तलाव कितीही निळा दिसला तरी पहाटे तीनला त्याचा उपयोग नसतो.

मशिदीच्या बाबतीत मेसाच्या पश्चिमेकडील टेम्पी शहर आमच्या उपयोगी पडले. विद्यापीठाजवळची तिथली मशीद १९८४ मध्ये बांधली गेली आणि तिचा आकार बैतुल मुकद्दसच्या कुब्बतुस्सखराच्या धर्तीवर आहे. अष्टकोनी इमारत आणि वर घुमट. मेसाच्या मध्यवर्ती भागातून लाइट रेल सरळ टेम्पीला जाते, त्यामुळे जुम्म्याला गाडी लावायची कटकट नाही. विद्यार्थ्यांची मशीद असल्याने सफेत मलेशिया, सोमालिया, बोस्निया, हैदराबाद सगळे खांद्याला खांदा. किब्ला इथे ईशान्येच्या अंगाला, उत्तरेकडे बराच झुकलेला आहे. खेडला पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या माणसाला पहिले काही दिवस आपण उलटे उभे आहोत असेच वाटते. ट्रेलर जागेवर लागला की आम्ही सर्वांत आधी होकायंत्राने दिशा पाहून जाजम कुठे बसेल ते ठरवतो, मग नळ जोडतो.

तिन्ही हिवाळ्यांत रमजान मुक्कामातच आला. २०२४ ला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, २०२५ ला १ मार्चला, २०२६ ला फेब्रुवारीत. पुढची काही वर्षे तो ऐन थंडीतच येणार. म्हणून तरावीहनंतर रात्री दहाला परत येताना पार्काचे फाटक उघडे असते का, ही चौकशी आमच्यासारख्यांनी करावी. काही ठिकाणी रात्री फाटक बंद होऊन आकडे दाबून उघडावे लागते. ते चालते. काही ठिकाणी दहानंतर पाहुण्यांना प्रवेशच नसतो, आणि इफ्तारला बोलावलेली माणसे काय सव्वासहाला उपाशी येऊन साडेसातला जाणार आहेत?

पाहुण्यांवरून वयाची अट आठवली. मेसा-अपाचे जंक्शनचे बहुतेक मोठे पार्क ५५ वर्षांवरच्यांसाठी आहेत. केंद्राच्या कायद्याने अशा वसाहतीत किमान ८० टक्के घरांत एक तरी माणूस ५५ किंवा त्याहून मोठे असावे लागते. शांतता मिळते, शेजारी वेळ असलेले मिळतात. पण नातवंडे आली तर किती दिवस राहू शकतात, तलावात कोणत्या वेळेत उतरू शकतात, माणशी किती जादा आकारतात, हे प्रत्येक पार्कात वेगळे असते. मुलगी दोन आठवड्यांसाठी येणार आणि नियम एका आठवड्याचा, मग घरात रुसवे होतात. आधी विचारून घेतलेले बरे. तसेच बऱ्याच पार्कांत कुत्री पाळणाऱ्यांचा विभाग वेगळा असतो. आम्ही कुत्री नसलेल्या रांगेत जागा मागून घेतो. शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आमचा राग नाही, पण वुजू करून दारात पाय ठेवला की ते प्रेमाने चाटायला येते.

स्वयंपाकाचे एक सांगायला हवे. ट्रेलरमध्ये मासे तळले तर वास एप्रिलपर्यंत राहतो. म्हणून बाहेर गॅसची शेगडी मांडू देतात का, हेही विचारावे. पहिल्या वर्षी आम्ही बाहेर सुके बोंबील भाजले तेव्हा तीन रांगांपलीकडून एक आजोबा चौकशी करत आले. आम्हाला वाटले तक्रार. त्यांनी चव घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या झाडाची संत्री पिशवीभर आणून दिली. मेसा पूर्वी संत्र्या-लिंबांच्या बागांचा मुलूख होता. जुन्या पार्कांत अजून ती झाडे आहेत आणि मार्चमध्ये मोहोराचा वास गल्लीभर असतो. नागपूरकरांना सांगायला नको तो कसा असतो.

जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हंगामाचे पैसे भरू नयेत, आणि पाहायची ती दोनदा, एकदा पहाटे आणि एकदा रात्री. दुपारी सगळेच पार्क छान दिसतात. रात्री महामार्गाची घरघर कळते. मेसाच्या उत्तर भागात छोट्या विमानांचे विमानतळ आहे आणि त्याला लागूनच अपाचे हेलिकॉप्टरांचा कारखाना. तिकडच्या पार्कांत कौलावर कोणी ताशा वाजवतो आहे असे वाटते. टूसॉन शहर आम्ही दोन तास दक्षिणेला जाऊन पाहिले. थोडे उंच, थोडे थंड, आम्हाला फार आवडले. पण तिथे जानेवारीअखेरीस रत्नांचे आणि खनिजांचे मोठे प्रदर्शन भरते, तेव्हा मुंगीलाही जागा मिळत नाही. मेसालाही फेब्रुवारी-मार्चमध्ये बेसबॉलच्या सराव सामन्यांची गर्दी असते. आमच्या शिकागोचा कब्ज संघ इथेच सरावाला येतो. त्यामुळे जानेवारी ते मार्चचे भाडे सर्वांत चढे. नोव्हेंबरपासून पूर्ण हंगाम घेणाऱ्याला महिन्याचा दर कमी पडतो.

वीजपेटीवर ३० अँपिअर आहे की ५० हे बघा. ३० ची पेटी म्हणजे ३६०० वॉट. त्यावर हीटर, मायक्रोवेव्ह आणि चहाची किटली एकदम लावली की अंधार. ५० च्या पेटीवर तिपटीहून जास्त भार चालतो. हिवाळ्याला ३० पुरते. महिन्याच्या भाड्यात वीज बहुधा धरलेली नसते, मीटरप्रमाणे वेगळी येते. जमीन मातीची आहे, खडीची की सिमेंटची, हेही पाहा, कारण या भागाच्या मातीत एक बुरशी असते आणि धुळीबरोबर ती श्वासात जाऊन ‘व्हॅली फीवर’ होतो. खोकला, ताप, आठवडेच्या आठवडे थकवा. अमेरिकेतले बहुतेक रुग्ण अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियातले. शिकागोला परतल्यावर असा खोकला धरला तर तिथल्या डॉक्टरला ‘आम्ही हिवाळा अ‍ॅरिझोनात होतो’ हे आपणहून सांगावे लागते, नाहीतर तो वेगळ्याच दिशेने तपासण्या करत बसतो. दम्याच्या माणसाला घेऊन बांधकामाशेजारच्या किंवा नांगरलेल्या शेताशेजारच्या पार्कात आम्ही जाणार नाही.

विम्याचेही तसेच. सरकारचे मूळ मेडिकेअर देशभर चालते. पण मेडिकेअरच्या काही खाजगी योजना आपल्या भागातल्या डॉक्टरांपुरत्याच असतात आणि बाहेर फक्त तातडीचा उपचार देतात. पाच महिने बाहेर राहणाऱ्याने हे ऑक्टोबरआधी तपासावे. मिसिसॉगाहून येणाऱ्या आमच्या नात्यातल्या जोडप्याचा हिशेब आणखी कडक. ओंटारिओची सरकारी आरोग्य सोय टिकवायची तर बारा महिन्यांत २१२ दिवसांहून जास्त प्रांताबाहेर राहता येत नाही. शिवाय अमेरिकेचा कर मागे लागू नये म्हणून इथले दिवस मोजावे लागतात, आणि त्या मोजणीत मागच्या दोन वर्षांचे दिवसही अंशाने धरले जातात. चाचा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारतात. कैद्यासारखे दिसते, पण बरोबर करतात.

गेल्या वर्षी रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात सहेरीच्या थोडे आधी आमच्यापैकी एकाच्या छातीत कळ आली. घाम, डावा हात जड. रुग्णवाहिका फोननंतर थोड्याच वेळात पार्काच्या फाटकाशी पोचली आणि फाटकाशी थांबली, कारण रात्रीचे आकडे चालकाकडे नव्हते. शेजारची आजी, आयोवाची, ऐंशीच्या जवळ आलेली, ट्रेलरमधली धावपळ पाहून झोपेच्या कपड्यांवर कोट चढवून फाटकापर्यंत चालत गेली आणि तिने ते उघडले. मग टॉर्च घेऊन रुग्णवाहिकेपुढे चालत आमच्या रांगेपर्यंत आली. इस्पितळ बारा मिनिटांवर. एक नळी बुजली होती, ती उघडली. अल्हम्दुलिल्लाह, चौथ्या दिवशी परत ट्रेलरमध्ये. उरलेले रोजे डॉक्टरांनी बंद केले. इफ्तारला मात्र ती आजी रोज आमच्याकडे, खजूर पहिला तिच्या हातात.

तेव्हापासून आमच्या यादीत दोन ओळी वाढल्या आहेत. रात्रीचे आकडे आपत्कालीन सेवेकडे नोंदवलेले आहेत का, हे कचेरीत विचारून त्यांच्यासमोर खात्री करणे. आणि जागेचा क्रमांक रात्री दिसेल असा दिव्याखाली असणे.

त्याच आजीमुळे आम्ही दुसऱ्या मोठ्या प्रश्नावर विचार करू लागलो: वर्षभर इथेच का राहू नये? शिकागोचे घर विकावे, कर वाचेल, जिने चढणे वाचेल. थोरला मुलगाही तेच म्हणत होता. मार्चमध्ये मोहोराच्या वासात खुर्ची टाकून बसले की हा विचार फार सोपा वाटतो.

आजी बारा महिने तिथे राहते. यजमान गेल्यावर तिने आयोवाचे घर विकले. एप्रिलमध्ये काय होते ते तिने सांगितले. एकेक करून ट्रेलर निघतात. तिच्या रांगेत बावीस जागा. मेच्या मध्याला चार भरलेल्या. हॉल बंद, आठवड्याची चहापार्टी बंद, कचेरी अर्धा दिवस. मग ऊन. २०२३ मध्ये फीनिक्सला जून संपताना सुरू होऊन सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर गेला. त्या वर्षी या एका जिल्ह्यात उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदवले गेले. घराच्या आत झालेल्या मृत्यूंत मोबाइल होम आणि आरव्हीत राहणाऱ्यांचा वाटा त्यांच्या वस्तीच्या मानाने फार मोठा निघतो. कारण उघड आहे. ट्रेलरची भिंत दोन-तीन इंचांची, छतावर एक एसी, आणि तो बंद पडला तर दुरुस्तीवाला मिळेपर्यंत पत्र्याच्या डब्यात बसायचे. दोन एसी लावायचे तर ५० अँपिअरची पेटी हवी. पश्चिमेच्या उन्हाला अडवणारे झाड किंवा छत हवे. जुलैत धुळीच्या भिंती येतात, त्यांना इथले लोक चक्क ‘हबूब’ म्हणतात. आपला ओळखीचा अरबी शब्द वाळवंटात पाहून पहिल्यांदा हसू येते. पुढचा पाऊसही ‘मान्सून’च, तोही मूळ अरबी ‘मौसम’. पण तो कोकणातल्यासारखा शेत भरून जात नाही, तासभर कोसळतो आणि जमीन परत तापते.

कागदाची बाजूही आहे. हंगामापुरता येणारा हा एक प्रकारे पाहुणा. त्याच जागेवर सलग १८० दिवसांहून जास्त राहणाऱ्या आरव्हीवाल्यासाठी अ‍ॅरिझोनात वेगळा भाडेकायदा आहे. लेखी करार, सूचना, दोन्ही बाजूंची कर्तव्ये त्यात येतात. काही करार मुद्दामच त्या आकड्याच्या आत ठेवलेले आम्ही वाचले. काही पार्क दहा वर्षांहून जुना ट्रेलर घेत नाहीत. आज आपला सहा वर्षांचा आहे, पण वर्षभर राहणाऱ्याचा ट्रेलरही त्याच्याबरोबर म्हातारा होतो. आणि जमीन मालकाची. २०२३ मध्ये फीनिक्समध्ये काही मोबाइल होम पार्क नव्या बांधकामासाठी बंद झाले आणि तिथल्या वर्षानुवर्षांच्या रहिवाशांना घर घेऊन जायला दुसरी जागा मिळेना. २०२० चा ‘नोमॅडलँड’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना क्वार्ट्झसाइटचे ते वाळवंट आठवेल. चाकांवर राहणारे सगळेच हौसेने आलेले नसतात. कित्येकांना पक्क्या घराचे भाडे परवडत नाही म्हणून ते तिथे आहेत. पाच महिन्यांसाठी येऊन त्यांच्या जगण्याला ‘किती मोकळे’ म्हणणे आम्हाला बरे वाटत नाही.

म्हणून आम्ही जूनमध्ये जाऊन पाहिले. विमानाने, चार दिवसांसाठी, आजीकडेच भेटीला. दुपारी तीनला आमची जागा रिकामी होती. खडीवर हात ठेवता येत नव्हता. आजीचा एसी दिवसभर न थांबता चालला होता आणि आत तरीही तिने ओला रुमाल मानेवर धरला होता. रांगेतल्या दुसऱ्या म्हाताऱ्याशी तिचा करार आहे: रोज सकाळी सातला दोघांनी आपापल्या खिडकीचा पडदा वर करायचा. आठपर्यंत ज्याचा पडदा वर नाही त्याच्या दारावर दुसऱ्याने जाऊन थाप मारायची. हे तिने सहज सांगितले, चहा ओतता ओतता. आम्ही चारही दिवस पावणेसातला उठून तो पडदा पाहत होतो.

शिकागोचे घर विकायचे नाही, हे परतीच्या विमानातच ठरले. थोरल्याला सांगितले. तो थोडा नाराज झाला, मग जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून देतो म्हणाला, आणि दिलाही. वर्षभर मेसात राहायचेच झाले तर ट्रेलरमध्ये राहणार नाही. जाड भिंतीचे छोटे घर, मशिदीच्या आणि लाइट रेलच्या जवळ, भाड्याने घेऊ. जनाजा-दफनाची सोय काय आहे याची चौकशीही मशिदीत करून ठेवली आहे. या वयात ती चौकशी भाड्याच्या चौकशीइतकीच साधी वाटते.

पुढच्या हंगामाची जागा आम्ही एप्रिलमध्ये निघतानाच अनामत भरून धरली. तीच रांग, आजीच्या समोरची. कचेरीतल्या बाईने विचारले, तलावाजवळची जागा रिकामी होते आहे, दर तोच, हवी का? आम्ही नको म्हणालो. तिथून आजीचा पडदा दिसत नाही. आजी आता दर शुक्रवारी शिकागोला फोन करते आणि तिकडचे तापमान सांगते. आम्ही तिला मिसिसॉगाहून येणाऱ्या चाचांचा नंबरही देऊन ठेवला आहे. ते येत्या नोव्हेंबरला दोन रांगा पलीकडे येत आहेत, पार्क मॉडेल घेऊन, कॅलेंडरसकट.